दुसरा भाग कसा असावा? 'एज ऑफ एम्पायर्स' : पहिला आणि दुसरा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवातल्या व्याख्यानात संतसाहित्य, आरोग्य, पर्यावरण हे विषय आपण नेहमी ऐकतो. यंदा कार्यकारिणीने मला सांगितलं, "मुलं संगणकावर आणि मोबाईलवर जे खेळतात, त्याबद्दल काहीतरी बोला." मी डिप्लोमा करून सरकारी खात्यात लागलेला माणूस. मुलांनी किती वेळ खेळावं हे सांगायला इथे शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, त्यांचा अधिकार मी घेत नाही. मला एक खेळ चांगला माहीत आहे. आमच्या पॉलिटेक्निकच्या काळात तो आला, आणि आज माझ्या पुतण्याच्या वयाची मुलंही तोच खेळतात. त्याचं नाव 'एज ऑफ एम्पायर्स', म्हणजे साम्राज्यांचं युग. पहिला भाग 1997 साली आला, दुसरा 1999 साली. या दोन भागांची तुलना हा माझा आजचा विषय.

आता कुणी म्हणेल, यात बोलण्यासारखं काय आहे? आहे. नाटकाचा किंवा सिनेमाचा दुसरा भाग बहुतेक वेळा फसतो, हा आपला अनुभव आहे. पहिला चालला म्हणून दुसरा काढायचा, तीच पात्रं, तेच विनोद, फक्त सजावट वाढवायची. इथे मात्र उलट झालं. पहिल्या भागाचं नाव आज आठवणीपुरतं राहिलं आणि दुसरा भाग पंचवीस वर्षं उलटून गेल्यावरही जगभर खेळला जातो, त्याच्या स्पर्धा भरतात. असं का झालं, हे समजून घेतलं तर त्यातून आपल्याही कामाचं काहीतरी हाती लागेल.

ज्येष्ठांसाठी आधी एक ओळखीचं उदाहरण देतो. बुद्धिबळ आपल्याकडचं. चतुरंग इथून इराणात गेलं, अरबांकडे गेलं, तिथून युरोपात पोचलं. जुन्या खेळात वजीर एका वेळी एकच घर तिरका सरकायचा, उंटाची धावही आखूड होती. डाव रंगायला फार वेळ लागायचा. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात नियम बदलले. वजीर चारही दिशांना आणि तिरका हवा तितका धावू लागला, उंटाला पूर्ण तिरकी रेघ मिळाली. पट तोच, चौसष्ट घरं तीच, सोंगट्या त्याच. पण खेळाचा वेग आणि विचार दोन्ही बदलले, आणि आज जगात जे बुद्धिबळ म्हणून खेळतात तो हा 'दुसरा भाग' आहे. पट न मोडता चाल सुधारली, एवढंच. 'एज ऑफ एम्पायर्स'चं असंच काहीसं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना दोन मिनिटांत सांगतो. पडद्यावर वरून पाहिल्यासारखा एक मुलूख दिसतो. मध्ये तुमचं टाउन सेंटर, म्हणजे गावची मुख्य इमारत. सुरुवातीला हाताशी दोन-चार गावकरी. त्यांना कामाला लावायचं. कुणी लाकूड तोडायचं, कुणी शिकार करायची, कुणी शेत करायचं, कुणी सोनं आणि दगड खणायचा. जमलेल्या मालातून घरं, गोदामं, छावण्या बांधायच्या, सैन्य उभारायचं आणि एका युगातून पुढच्या युगात जायचं. समोर दुसरा खेळाडू तेच करत असतो. बुद्धिबळात आळीपाळीने चाल असते, इथे घड्याळ दोघांचंही एकाच वेळी चालू. तुम्ही विचार करत बसलात तर तेवढ्यात समोरचा तुमच्या शेतात घोडे घालतो. लढाई शेवटी होते, खरी परीक्षा आधी असते: किती माणसं अन्नावर, किती लाकडावर, आणि केव्हा थांबून पुढच्या युगाचा खर्च करायचा. म्हणजे बघा, नावात साम्राज्य असलं तरी निम्मा खेळ पंचायतीच्या कारभाराचा आहे.

हा खेळ अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एन्सेंबल स्टुडिओज या कंपनीने बनवला आणि मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. पहिल्या भागात पाषाणयुग, अवजारांचं युग, कांस्ययुग आणि लोहयुग असे चार टप्पे होते. इजिप्शियन, ग्रीक, बॅबिलोनियन, असिरियन, सुमेरियन, पर्शियन, चीनचे शांग, जपानचे यामातो अशा बारा संस्कृती होत्या. दगडी हत्यार घेऊन हरणामागे धावणारा माणूस तासाभरात रथ आणि हत्ती घेऊन उभा राहायचा. ज्या पोरांनी इतिहासाचं पुस्तक परीक्षेपुरतं उघडलं होतं, ती हित्ती कोण आणि फिनिशियन कोण हे एकमेकांना विचारू लागली. मी हे स्वतः पाहिलं आहे.

पण त्या खेळात कटकटही फार होती. चार उदाहरणं देतो.

पहिलं तटबंदीचं. पहिल्या भागात भिंत बांधता यायची, पण भिंतीला दरवाजा नव्हता! भिंत पूर्ण बांधली की शत्रू बाहेर आणि आपणही आत कोंडलेले. मग एक तर फट सोडायची, नाहीतर स्वतःच्याच भिंतीचा तुकडा पाडायचा. आपल्याकडे खाजनाच्या बांधाला मानस असते. भरतीला ती मिटते, ओहोटीला उघडते, म्हणून बांध कामाचा. मानस नसलेला बांध कुणी घातला तर गावकऱ्यांनी त्याला काय म्हटलं असतं ते सांगायला नको. दुसऱ्या भागात दरवाजा आला. तो आपल्या माणसांना आपोआप उघडतो, शत्रूला बंद राहतो. गोष्ट लहान, पण तिच्यामुळे भिंत बांधण्याला अर्थ आला.

दुसरं, गावकऱ्यांच्या जिवाचं. पहिल्या भागात शत्रूचे घोडेस्वार आले की गावकरी बिचारे शेतात मारले जायचे. त्यांना पळवायचं तरी कुठे? दुसऱ्या भागात टाउन सेंटरला घंटा आली. घंटा वाजवली की गावकरी हातातलं काम टाकून जवळच्या इमारतीत आसरा घेतात आणि आतून बाण मारतात. संकट गेलं की पुन्हा घंटा, आणि जो तो आपापल्या कामावर परत.

तिसरं, रांगेचं. मूळ पहिल्या भागात पाच सैनिक हवे असतील तर एक तयार होईपर्यंत थांबायचं, मग दुसऱ्याचं बटण दाबायचं, पुन्हा थांबायचं. 1998 मध्ये पहिल्या भागाला 'राइज ऑफ रोम' ही पुरवणी आली, तिच्यात रांग लावायची सोय झाली आणि दुसऱ्या भागात ती मुरली. एकदा पाचदा दाबा आणि दुसऱ्या कामाला लागा.

चौथं मला सर्वांत आवडतं. रिकामा गावकरी. जंगल संपलं की लाकूडतोड्या तिथेच उभा राहायचा. पहिल्या भागात तो झाडाआड किंवा घरामागे उभा आहे हे तुम्हाला कळायचंच नाही. दहा-दहा मिनिटं चार माणसं काम न करता उभी असायची आणि तुम्ही म्हणायचात, अन्न कमी का पडतंय? दुसऱ्या भागात एक बटण दिलं. ते दाबलं की जो गावकरी रिकामा आहे त्याच्यापाशी पडदा जातो. बस्स. ही सोय नसती तर मोठं राज्य चालवणं अशक्य झालं असतं, कारण पहिल्या भागात मूळ मर्यादा पन्नास माणसांची होती, दुसऱ्यात ती दोनशेपर्यंत नेता येत होती. पन्नास माणसं नजरेने सांभाळता येतात, दोनशेंना व्यवस्था लागते.

याशिवाय बाजारपेठ आली. पहिल्या भागात व्यापार जहाजांनी व्हायचा. दुसऱ्यात जमिनीवरच्या बैलगाडीसारख्या व्यापारी गाड्या आल्या आणि बाजारात माल विकत घेता-देता येऊ लागला. त्यातही गंमत अशी की सगळ्या खेळाडूंना बाजारभाव एकच. सगळेच लाकूड विकायला लागले की लाकडाचा भाव पडतो. काजूच्या मोसमात आपण जे अनुभवतो तेच. सैन्याला रांगेत, चौकोनात उभं राहण्याची शिस्त आली, किल्ला आला, आणि प्रत्येक संस्कृतीला स्वतःचा असा एक खास सैनिक मिळाला. पहिल्या भागात बारा संस्कृती असल्या तरी त्यांची माणसं सारखीच दिसायची, सारखंच काहीतरी पुटपुटायची. दुसऱ्या भागात इंग्रजांचे लांब पल्ल्याचे धनुर्धर, मंगोलांचे घोड्यावरचे तिरंदाज, जपान्यांचे सामुराई वेगळे झाले. आणि गावकऱ्याला बोलावलं की तो आपापल्या भाषेत 'ओ' देऊ लागला.

आता शेताचं सांगतो, कारण शेताची गोष्ट लांबलचक आहे आणि तिच्यात मला या खेळाचं मर्म दिसतं. पहिल्या भागात शेत ठरावीक धान्य देऊन संपायचं. संपलं की जमीन मोकळी, शेतकरी हात हलवत उभा. पुन्हा लाकूड खर्चून नवं शेत घालायचं, तेही प्रत्येक शेताचं वेगवेगळं. दुसऱ्या भागातही सुरुवातीला हे फारसं सुटलं नव्हतं. 2000 साली 'द कॉन्करर्स' ही पुरवणी आली, तेव्हा गिरणीत आधीच पैसे भरून पुढच्या पेरणीची रांग लावता येऊ लागली. आणि 2019 साली याच दुसऱ्या भागाची नवी, सुधारलेली आवृत्ती निघाली, तिच्यात शेत संपलं की आपोआप पुन्हा पेरायची सोय झाली. 1997 ते 2019. एका शेतासाठी बावीस वर्षं! कुणीतरी इतकी वर्षं तक्रार करत राहिलं आणि कुणीतरी ती ऐकत राहिलं.

इथे थोडं थांबून बघा, काय काढलं आणि काय ठेवलं. शेताला लाकूड लागतं, ते अजूनही लागतं. लाकूड तोडायला माणूस लागतो, तो अजूनही लागतो. तो माणूस शेतात लावायचा की सोन्याच्या खाणीत, हा प्रश्न अजून तुमच्याच डोक्यावर आहे. काढलं ते फक्त तेच तेच बटण पुन्हा दाबणं. म्हणजे चांगल्या दुसऱ्या भागाने कष्ट काढले नाहीत, कटकट काढली. निर्णय मात्र तुमच्याकडेच ठेवला. माझ्या आजच्या भाषणाचं सार एका वाक्यात मागितलं तर ते हेच.

हे एका रात्रीत झालं नाही. कंपनीने आधी ठरवलं होतं की पहिल्याचाच सांगाडा घेऊन वर्षभरात दुसरा भाग बाहेर काढायचा. काम सुरू झाल्यावर लक्षात आलं की मनासारखा खेळ वर्षात होणार नाही. तेव्हा त्यांनी आणखी एक वर्ष घेतलं आणि मधल्या काळात लोकांना हाती काहीतरी असावं म्हणून मघाशी सांगितलेली 'राइज ऑफ रोम' ही पुरवणी दिली. आम्ही सरकारी कामात मुदतवाढ मागतो तेव्हा लोक हसतात. पण कधी कधी मुदतवाढ योग्य असते, एवढंच या निमित्ताने नोंदवतो!

न्यायाने बोलायचं तर पहिल्या भागात जे होतं ते सगळंच दुसऱ्यात आलं असंही नाही. पहिल्याचा पट मोठा होता. दगडापासून लोखंडापर्यंतची माणसाची वाटचाल त्यात होती. दुसरा भाग रोमच्या पडझडीनंतर सुरू होतो आणि मध्ययुगातच फिरतो. पहिल्यातला पुरोहित हात वर करून मंत्र म्हणायचा आणि शत्रूचा सैनिक आपल्या बाजूला यायचा. त्याचा तो 'वोलोलो' आवाज आजही जुन्या खेळाडूंच्या तोंडी आहे. आणि पहिल्यातला सावकाशपणा काहींना हवासा वाटतो. दुसरा भाग इतका रेखीव झाला की आता त्याचे खेळाडू पहिल्या मिनिटापासून कुठला गावकरी कुठे लावायचा याचे आराखडे पाठ करतात. बुद्धिबळात ओपनिंग पाठ करतात तसंच. खेळ सोपा झाला की स्पर्धा कठीण होते, हाही त्यातला एक धडा.

आता मी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. या साम्राज्यांच्या युगात आपण कुठे आहोत?

पहिल्या भागाच्या बारा संस्कृतींत भारत नव्हता. सिंधू खोऱ्यातली नगरं नाहीत, मौर्य नाहीत. 'राइज ऑफ रोम'ने चार संस्कृती वाढवल्या, त्या रोमन, कार्थेजियन, पाल्मिरीयन आणि मॅसिडोनियन. 1999 च्या दुसऱ्या भागात तेरा संस्कृती होत्या, त्यातही आपण नव्हतो. 2000 च्या पुरवणीत हूण आले, स्पॅनिश आले, ॲझटेक, माया आणि कोरियन आले. आपण नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या विजयनगरसारखं साम्राज्य ज्या देशात होतं, तो देश मध्ययुगावरच्या खेळात अनुपस्थित!

मग एन्सेंबल स्टुडिओज ही कंपनीच 2009 साली बंद झाली. सामान्यपणे तिथे गोष्ट संपायला हवी होती. पण ती संपली नाही. खेळावर प्रेम करणाऱ्या काही लोकांनी, कुणी सांगितलं नसताना, पगाराविना, दुसऱ्या भागाला स्वतःच एक मोठी जोड तयार केली आणि 2012 च्या अखेरीस ती सर्वांसाठी खुली केली. तिच्यात ज्या पाच नव्या संस्कृती होत्या त्यात 'इंडियन्स' होते. मायक्रोसॉफ्टने पुढच्या वर्षी ही जोड अधिकृत केली. म्हणजे भारत या खेळात कंपनीच्या दारातून आला नाही, हौशी खेळाडूंनी त्याला आत आणलं.

तरी 'इंडियन्स' म्हणजे सगळा देश एकाच पोत्यात. चोळांचं आरमार, बंगालचे पाल, गुजरात-राजस्थानचे राजे, दिल्लीचे सुलतान सगळे एक. लोकांनी त्यावर बोट ठेवलं. 2022 साली 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' ही पुरवणी आली आणि त्या एका पोत्यातून हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविडियन अशा चार संस्कृती वेगळ्या झाल्या. राजेंद्र चोळाची मोहीम त्यात खेळायला मिळते, पाल राजा देवपालाची मिळते. मराठे अजून नाहीत. मध्ययुगाच्या कालमर्यादेत ते बसत नाहीत, असं म्हणता येईल. देवगिरीचे यादव मात्र बसतात. आपल्यातल्या कुणा मुलाने पुढे हे काम हाती घ्यावं.

गोवेकरांसाठी आणखी एक गोष्ट आहे. 2015 साली याच दुसऱ्या भागात पोर्तुगीज आले. त्यांची मोहीम फ्रान्सिस्को द आल्मेदा याच्यावर आहे. आल्मेदा म्हणजे पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय, 1505 साली इकडे आलेला. त्याचा मुलगा लोरेन्सो 1508 साली चौलच्या लढाईत मारला गेला. बाप सूड घ्यायला निघाला. वाटेत त्याने आपल्या कोकणातलं दाभोळ बंदर जाळलं आणि 1509 च्या फेब्रुवारीत दीवची लढाई जिंकली. गोवा घेतला तो त्याच्यानंतरच्या आल्बुकर्कने, 1510 साली. खेळणारा या मोहिमेत आल्मेदाच्या गलबतावर असतो. पुत्रशोकाने पेटलेला बाप त्याला समजतो, कारण तो बाप तोच चालवतो. चौल आणि दाभोळचा माणूस किनाऱ्यावरून काय बघत होता, ते गलबतावरून दिसत नाही.

पोर्तुगीजांना खेळात 'फेतोरिया' नावाची एक खास इमारत आहे. फेतोरिया म्हणजे व्यापारी ठाणं, वखार. खेळात ती बांधली की काहीही न करता अन्न, लाकूड, दगड, सोनं आपोआप येत राहतं. एकही गावकरी राबत नाही. फक्त तुमच्या लोकसंख्येच्या मर्यादेतून ती वीस माणसांची जागा खाते. ज्याने हे रचलं त्याने हिशेबाची सोय म्हणून रचलं असेल, पण मला त्यात नकळत सांगितलेलं एक सत्य दिसतं. माल आपोआप येतो असं वखारीत बसणाऱ्याला वाटतं. तो कुठून तरी येत असतो, आणि ती वीस माणसं कुठे तरी असतात.

आपला भाग पोर्तुगीजांकडे गेला तो बऱ्याच उशिरा. डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीतले प्रदेश, 1780 च्या दशकात त्यांच्या हाती गेलेले. त्याआधी सव्वाशे वर्षांच्या अंतरात आदिलशाही, मराठे, सावंतवाडीकर भोसले असे किती झेंडे इथे बदलले! इथून जवळच नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. दिवाडीवरचं मूळ देऊळ पाडल्यानंतर देव नदी ओलांडून अलीकडे आला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आणि मयेकरांना जमीन म्हणजे काय, हे कुणी शिकवायला नको. गोवा 1961 साली मुक्त झाला, पण 'कस्टोडियन' हा शब्द त्यानंतरही कित्येक वर्षं आपल्या घरांत बोलला जात होता. राबणारा एक, कागदावर नाव दुसऱ्याचं. त्या विषयात मी सरकारी नोकर म्हणून इथे अधिक शिरत नाही. एवढंच म्हणतो की खेळात मोकळ्या जागेवर बटण दाबून टाउन सेंटर उभं करता येतं. खऱ्या मुलखात मोकळी दिसणारी जागा कुणाच्या तरी आजोबांनी कसलेली असते. आपल्या मुलांनी खेळावं, पण खेळून झाल्यावर त्यांना एकदा नार्व्याला न्यावं, मये तळ्याच्या काठावर बसवावं आणि किनाऱ्यावरून काय दिसलं ते सांगावं. गलबतावरची बाजू खेळ सांगतो, दुसरी बाजू आपण सांगायची. नाहीतर ती कुणीच सांगणार नाही.

2023 साली या खेळात एक छान गोष्ट घडली. पहिल्या भागाच्या जुन्या संस्कृती दुसऱ्या भागाच्या नव्या आवृत्तीत आणून बसवल्या गेल्या. आता पहिला भाग दुसऱ्याच्या घरात राहूनही खेळता येतो, दरवाजे आणि नव्या सोयींसह. म्हातारे वडील मुलाच्या नव्या घरी राहायला यावेत तसं. घर मुलाचं, पण अनुभव वडिलांचा, आणि दोघांचं जमतं.

हे सगळं आज इथे बोलायचं कारण असं की आपलं मंडळही दुसऱ्या भागात शिरतं आहे. ज्यांनी मंडळ उभं केलं ती पिढी आता सत्तरीपुढे गेली आहे. तिने नोकरीधंदा सांभाळून, हाताने वर्गणी गोळा करून, नाटकाच्या तालमी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घेऊन हा उत्सव वाढवला. नवी पिढी पुण्याला, बेंगळुरूला, काही दुबईला आहे. चवथीला दोन दिवस येते. ज्येष्ठ म्हणतात, मुलांना आवड नाही. मुलं म्हणतात, आम्हाला कुणी काम सांगत नाही. दोघांचंही मी ऐकलं आहे, दोघंही खोटं बोलत नाहीत.

मला तेव्हा तो रिकामा गावकरी आठवतो. मंडपाच्या मागे मोबाईल बघत उभी असलेली पाच-सहा मुलं आळशी नाहीत. त्यांचं जंगल संपलं आहे आणि पुढचं काम कुणी सांगितलेलं नाही. कुणाला काय काम हे आजवर चार ज्येष्ठांच्या डोक्यात होतं. पन्नास माणसांत ते चाललं. आता घरं वाढली, माणसं विखुरली, तर ते कागदावर यावं, फोनवर यावं. मूर्ती आणायला कोण, आरतीचे टाळ कुणाकडे, विसर्जनाची गाडी कुणाची. दरवर्षी तेच शोधत बसणं ही कटकट आहे, ती खुशाल काढा. पावतीपुस्तकाऐवजी ऑनलाइन वर्गणी घ्या, माझी हरकत नाही.

पण माटोळी तयार आणू नका. डोंगरात फिरून कांगलां, घागऱ्यो आणि रानफळं गोळा करणं, कुठलं फळ कुठे मिळतं हे आजोबांना विचारणं, लाकडी चौकटीला एकेक बांधत जाणं, याला वेळ लागतो, पाठ दुखते, पण ते कष्ट आहेत, कटकट नाही. घुमट आरती ध्वनिफितीवर लावू नका. घुमट वाजवताना हात लाल होतात, ते व्हायला हवेत. खेळाच्या निर्मात्यांनी लाकूड तोडणं काढून टाकलं असतं तर उरलं काय असतं? काय काढायचं आणि काय ठेवायचं, ही निवड नव्या कार्यकारिणीला करावी लागेल. ती तिने करावी, ज्येष्ठांनी ती करू द्यावी.

आणि भिंतीला दरवाजा असावा. आपल्या वाड्यावर गेल्या काही वर्षांत बाहेरून नव्याने राहायला आलेली कुटुंबं आहेत. काहींची भाषा वेगळी आहे. त्यांची मुलं आरतीला दारात उभी राहतात, आत येत नाहीत. लग्न होऊन आलेल्या सुना फुगडीला असतात, पण सभेत नसतात. तटबंदी भक्कम असावी, तिच्याबद्दल वाद नाही. पण आपल्या माणसासाठी उघडत नसेल तर ती आपल्यालाच कोंडते.

एन्सेंबल ही कंपनी बंद पडली तरी खेळ टिकला, कारण खेळणाऱ्यांनी तो आपला मानला आणि पगाराविना पुढे नेला. आपल्या मंडळात तर पहिल्या दिवसापासून कुणालाच पगार नाही! तेव्हा आपला दुसरा भाग फसायचं कारण नाही. मात्र त्यासाठी पहिल्या भागाच्या लोकांनी तक्रारी ऐकून घ्यायला हव्यात आणि दुसऱ्या भागाच्या लोकांनी त्या वेळेवर, तोंडावर सांगायला हव्यात. बावीस वर्षं थांबू नये.

बालमित्रांनो, तुमच्यापैकी जे हा खेळ खेळतात त्यांनी उद्या सकाळी आठ वाजता मंडपात यावं. माटोळीची चौकट धुवायची आहे. घंटा मी वाजवतो.



गणपती बाप्पा मोरया!